ब्रदर गॉडरिक यांचं उरलेलं ताट

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना साक्षी ठेवून मी, थर्स्टन (बापाचं नाव मला कुणी सांगितलेलं नाही), राहणार सध्या हर्नी बेटावर, धंदा चालणे, वय चोविसाच्या आसपास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कुणी दमदाटी केलेली नाही आणि कुणी पाजलेलीही नाही. होडीवाल्या इडोनिया मावशीने सकाळी जवाच्या बिअरचा एक मग दिला होता, पण तो पातळ होता, तो धरू नये. उद्याच्या ओहोटीबरोबर लिन बंदरातून जहाज सुटतंय आणि त्यात बसून मी गलिशियाला, संत याकोबाच्या थडग्याच्या दर्शनाला निघालो आहे. समुद्राचं काही सांगता येत नाही. म्हणून जे माझं आहे ते कुणाचं व्हावं, हे आजच लिहून जातो.

अक्षर वाकडं आहे. ते इथल्या मठाच्या ब्रदर गॉडरिक यांनी मला मेणाच्या पाटीवर शिकवलं. त्यांच्याकडे मेण पुष्कळ होतं आणि धीरही पुष्कळ होता. कमी पडलो तो मीच. म पर्यंत आलो की मला खिडकीबाहेर बगळे दिसायचे.

माझा आत्मा देवाला. देह समुद्राने घेतला तर समुद्राचा, आणि जमिनीवर पडलो तर ज्या गावाच्या हद्दीत पडेन त्या गावाचा. गावकऱ्यांना विनंती एवढीच, की रस्त्याच्या कडेला पुरावं, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांचं बोलणं कानावर पडत राहील. भिंतीच्या आत पुरलं तर मी उठून येईन, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी सुरी इडोनिया मावशीला. वाम माशाची कातडी सोलायला तिच्यासारखी दुसरी सुरी या दलदलीत नाही. मावशीचा हात तोंडाइतकाच चालतो, तेव्हा सुरी योग्य जागी पडेल.

माझा पावा लिनच्या मासळीबाजारातल्या आंधळ्या वाजवणाऱ्याला. तो माझा पावा ऐकून म्हणाला होता, "पोरा, तू वाजवतोस तेव्हा मेंढरं पाणी प्यायची थांबतात." यात कौतुक होतं की शिवी, हे मला अजून कळलेलं नाही. त्याने स्वतः वाजवून पाहावं आणि काय ते ठरवावं.

लिनच्या खानावळवाल्याला, ज्याने मला ऐन थंडीत तबेल्यातून हाकललं आणि वर "तुझ्यासारख्यांमुळे घोड्यांना उवा होतात" असं चारचौघांत सुनावलं, त्याला काही नाही. हे 'काही नाही' त्याला मुद्दाम जाऊन वाचून दाखवावं.

झगा अंगावर आहे, काठी हातात, बूट पायांत. ते माझ्याबरोबर येतील.

आता खरी मालमत्ता. ती एकच आहे आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

माझ्याकडे एक ताट आहे. लाकडी ताट मठाचं, त्यावरच्या अन्नाचा हक्क माझा. हर्नीच्या मठात जुनी रीत अशी, की एखादा ब्रदर वारला की पंगतीतली त्याची जागा लगेच पुसायची नाही. महिनाभर रोज त्याच्या जागेवर त्याचं ताट वाढायचं, पाव, बिअर आणि त्या दिवशी जे शिजलं असेल ते. आणि त्या जागेवर बाहेरचा कुणीतरी भुकेला माणूस बसवायचा. त्याने ते खायचं आणि मेलेल्यासाठी प्रार्थना करायची. ज्याने सुरू केलं त्यानेच महिना पुरा करायचा. मधेच बदल नाही. खाणाराच मेला तर मरताना तो ज्याचं नाव घेईल त्याने पुढे बसायचं.

माणूस माहीत नसेल तर त्याच्यासाठी प्रार्थना कशी करणार? म्हणून शेजारी बसणाऱ्या ब्रदरने रोज थोडं थोडं सांगायचं. तेही जेवताना नाही. जेवताना त्यांच्यात बोलत नाहीत. एक जण उंचावर उभा राहून संतांच्या कथा वाचतो आणि बाकीचे हातांच्या खुणा करून पाव मागतात, मीठ मागतात. बोलणं होतं ते नंतर, दगडी कुंडापाशी हात धुताना. पाणी गार असतं, हात पटकन काढावेसे वाटतात, म्हणून गोष्टीही तुटक. माझ्याजवळ या मठाचा जो इतिहास आहे तो असा ओल्या हातांनी मिळालेला आहे.

मी इथे पहिल्यांदा आलो तो वामी पकडणाऱ्यांच्या होडीतून, फुकट, वल्हं मारण्याच्या बोलीवर. मिसरूड नुकतं फुटलं होतं. दाराशी उभा राहिलो तर दार उघडणाऱ्याने विचारलं, "भूक लागलीय?"

मी म्हटलं, "कायम."

"मग आत ये. आमचा सेरलो गेलाय."

मला वाटलं सेरलो बाजारात गेलाय.

ब्रदर सेरलोंचं ताट मी महिनाभर खाल्लं. ते फार म्हातारे होऊन वारले होते आणि नवे होते तेव्हा त्यांनी त्याहून म्हाताऱ्यांकडून मठाच्या स्थापनेची गोष्ट ऐकली होती. ती माझ्यापर्यंत अशी आली. फार पूर्वी एका जमीनदाराची विधवा धुक्यात होडीतून चुकली. पाणी कुठलं, आकाश कुठलं, काही कळेना. मग दूरवरून घंटा ऐकू आली. घुम्म, घुम्म. ती त्या आवाजाच्या रोखाने गेली आणि या बेटाला लागली. बेटावर घंटा नव्हती, देऊळही नव्हतं. लव्हाळ्यात बसून एक पाणबगळा घुमत होता. बाईने तिथेच गुडघे टेकले आणि म्हणाली, "ज्या घंटेने मला वाचवलं ती इथे असायलाच हवी." मग मठ बांधला आणि घंटा नंतर आली. ती लहानशीच आहे आणि तिच्या कडेला चीर आहे. पण धुकं उतरलं की ती वाजवत राहायची, शेवटची होडी लागेपर्यंत, हा या घराचा पहिला नियम. प्रार्थनेच्याही आधीचा.

ही गोष्ट ऐकल्यापासून मला कधीकधी स्वप्न पडतं, की मी होडीत आहे, आजूबाजूला सगळं दुधासारखं, आणि कुणीतरी मला जेवायला बोलावतंय. जागा झालो की खरंच भूक लागलेली असते. असो. सांगत होतो ते ताटाचं.

त्यानंतर महामारीचं वर्ष आलं. ती इथे पोचायच्या थोडं आधी ब्रदर गॉडरिक, जे मठाच्या मधमाश्या सांभाळत, दलदलीपलीकडच्या वाडीवर मधाची पोळी आणायला गेले. दोन दिवसांनी त्यांची होडी रिकामी वाहत आली. आत फक्त त्यांचा काळा झगा. मठपती रेनॉल्ड यांनी झगा उचलला, चर्चमध्ये ठेवला, मेलेल्यांच्या प्रार्थना म्हटल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रदर गॉडरिक यांचं ताट वाढायला सांगितलं. खायला कोण? मी होतोच. मला अक्षर शिकवणाऱ्या माणसाचं ताट. पहिल्या दिवशी घास गिळला नाही. नंतर गिळला. भूक लाजत नाही.

पंधरवडा होत आला असेल. दुपारचं जेवण चाललं होतं. मसाला लावून भाजलेली वाम होती. दार उघडलं आणि ब्रदर गॉडरिक आत आले. खंगलेले, चिखलाने माखलेले, अंगावर मेंढपाळाचं कांबळं. ताप येऊन ते एका मेंढपाळाच्या झोपडीत पडून होते आणि झगा आत ठेवलेली होडी दोरी सुटून वाहून गेली होती, एवढंच झालं होतं.

पण जेवताना बोलायचं नाही! सगळी पंगत डोळे फाडून बघतेय आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. वाचणारा ब्रदर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतोय. ब्रदर गॉडरिक त्यांच्या जागेपाशी आले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडातून लोंबणाऱ्या वामीच्या शेपटीकडे पाहिलं आणि हाताने खूण केली. बोटं वळवळवून छातीवर ठेवली. ती वाम माझी.

तेवढ्यात मी ती गिळली.

जेवण संपलं, कुंडापाशी सगळे एकदम बोलायला लागले. मठपतींनी हात वर केला. ते कडक माणूस होते, पण वाईट नव्हते. म्हणाले, "देवाच्या नावाने वाढलेलं ताट मागे घेता येत नाही. गॉडरिक, महिना भरेपर्यंत तू मेलेला आहेस. पंगतीत बसायचं नाही, घंटेला हात लावायचा नाही, सगळ्यांबरोबर झोपायचं नाही. महिना भरला की मी स्वतः तुझा हात धरून आत आणीन."

"आणि तोवर खाऊ काय?" ब्रदर गॉडरिक यांनी विचारलं.

"मध खा," मठपती म्हणाले, आणि महामारीआधी त्या घरात मी शेवटचं हसणं ऐकलं ते तेव्हा.

ब्रदर गॉडरिक मधमाश्यांच्या छपरात जाऊन झोपू लागले. त्याच आठवड्यात महामारी आली. जे एका खोलीत झोपत होते ते एका खोलीत गेले. मठपती गेले. स्वयंपाक करणारे ब्रदर बेनेट पातेलं ढवळता ढवळता गेले. चूल विझली आणि ताट थांबलं. महिना पुरा झाला नाही. मला ब्रदर गॉडरिक यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "थर्स्टन, पळ! होडी घे आणि पळ!" मी पळालो, आणि एकदा पाय सुटल्यावर मग पायच ते, यॉर्क पाहिलं, वेल्सच्या डोंगरात एक हिवाळा काढला, एका अस्वलवाल्याबरोबर फिरलो. अस्वल शहाणं होतं. त्या अस्वलाबद्दल खरं तर बरंच लिहिण्यासारखं आहे, पण कागद संपेल.

या उन्हाळ्यात, लिनला जहाजाची चौकशी करायला आलो तेव्हा म्हटलं हर्नीला जाऊन यावं. होडी इडोनिया मावशीची. मावशी वामी पकडणाऱ्याची विधवा. मी विचारलं, "मावशी, मठात कुणी आहे का अजून?"

"आहे एक भूत," ती म्हणाली. "मध विकतं. मी त्याला पाव नेऊन देते. वर्षानुवर्षं छपरात राहतोय, मठाची दारं सताड उघडी, आत घुबडं. विचारलं तर म्हणतो, इडोनिया, मी मेलेलो आहे, मला कुणी आत आणलेलं नाही."

"आणि घंटा?"

मावशीने वल्हं थांबवलं. "मेलेल्याने घंटेला हात लावायचा नसतो म्हणे. माझा वॉट गेल्या मोठ्या उपासाच्या आधीच्या धुक्यात गेला. बेटापासून हाक मारली तर ऐकू येईल इतक्या जवळ. मी त्याला सांगितलं, मेल्या, तुला घंटा चालत नाही आणि माझ्या हातचा पाव बरा चालतो!"

"मग ते काय म्हणाले?"

"रडला. मग मलाच त्याला गप्प करावं लागलं. नवरा माझा गेलेला आणि डोळे पुसतेय त्याचे."

आता हेही लिहायला हवं की बिशपांचा माणूस संत मायकेलच्या सणाला येणार आहे. घरात एकही जिवंत ब्रदर नसेल तर बेट त्या जुन्या जमीनदाराच्या वारसाकडे परत जाईल. त्याला इथे मेंढ्या घालायच्या आहेत. घंटा वितळवून तिची भांडी करणार, असं मावशीने ऐकलंय. "आणि भुताला काही मोजत नाहीत," ती म्हणाली.

तेव्हा मी ठरवलं, महिना पुरा करायचा. माझंच ताट होतं, खाणं मलाच भाग. मावशीने मठाच्या स्वयंपाकघरातली घुबडं हुसकली, चूल पेटवली, आणि मी ब्रदर गॉडरिक यांच्या जागेवर बसून रोज जेवू लागलो. ते दाराबाहेर उंबऱ्याशी बसत आणि बघत. जेवण झालं की कुंडापाशी हात धुताना ते मला गोष्टी सांगत. स्वतःच्या नाही. गेलेल्यांच्या. बेनेट यांना वाटाणे आवडत नसत आणि तरी रोज शिजवत. रेनॉल्ड झोपेत लहान मुलासारखे बोलत. एका दुपारी ऊन आणि धुकं एकाच वेळी आत आलं होतं, आणि रिकाम्या पंगतीकडे बघता बघता मला वाटलं सगळे बसलेच आहेत, खुणांनी मीठ मागतायत. मी मीठ पुढे सरकवलंसुद्धा.

आणि मग एकच ताट उरलं. त्या दिवशी मावशीने वाम भाजून आणली तर ब्रदर गॉडरिक आत आले, उंबरा ओलांडून, आणि ताटावर हात ठेवला.

"एवढं एक राहू दे, थर्स्टन."

"का हो ब्रदर?"

"हे खाल्लंस की मी जिवंत. ते सगळे गेले आणि मी मधमाश्यांत झोपलो म्हणून राहिलो, हे मग मला रोज सकाळी उठून म्हणावं लागेल. मेलेला आहे तोवर मी त्यांच्यातलाच आहे रे."

मी चालणारा माणूस, अशा जागी मी सहसा उठून चालू लागतो. मावशी मात्र म्हणाली, "तुम्ही त्यांच्यातले, आणि माझा वॉट कुणाच्यातला?" आणि वाम परत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी परत आणली. परत तसंच. आणि आता उद्या जहाज आहे.

मी बळजबरीने खाऊ शकलो असतो. मावशी त्यांना धरायला तयार होती. पण मी एकदा त्यांची वाम त्यांच्या डोळ्यांदेखत गिळलेली आहे. दुसऱ्यांदा गिळणार नाही.

म्हणून पलीकडच्या गावचे फादर ल्यूक आज सकाळी मला यात्रेची काठी आणि झोळी आशीर्वाद देऊन द्यायला आले, तेव्हा मी विचारलं, "फादर, यात्रेला निघालेला माणूस जिवंत धरतात की मेलेला?"

"काठी हातात घेतली की परत येईपर्यंत घरच्यांनी त्याला मेलेलाच धरावा," फादर म्हणाले. "नाहीतर मृत्युपत्र कशाला करून घेतो आम्ही?"

काठी माझ्या हातात होती. सबब, या घराच्या रीतीप्रमाणे, खाणारा मेला तर तो ज्याचं नाव घेईल त्याने पुढे बसायचं, म्हणून मी ब्रदर गॉडरिक यांच्या ताटावरचा माझा हक्क, म्हणजे शेवटचं एक जेवण, पाव, बिअर आणि वाम यांसह, ब्रदर गॉडरिक यांच्याच नावे करतो. त्यांच्यापेक्षा भुकेला माणूस मला इंग्लंडभर फिरून दिसला नाही. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तो माणूसही त्यांना चांगला ठाऊक आहे. त्यांनी ते खावं किंवा न खावं. माझी सक्ती नाही.

हे एवढं लिहून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते कुंडाच्या काठावर बसले होते.

"पण तू अजून मेलेला नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे मेलात?"

फादर ल्यूक यांना खोकला आला. मावशी सरळ हसली.

ब्रदर गॉडरिक काठावरून उठले. मग म्हणाले, "माझं ताट मीच खायचं. आणि मला माझी गोष्ट कोण सांगणार? हात धुताना?"

"मी सांगते की," मावशी म्हणाली. "आधी खा. गार होतेय."

हे मी आता पंगतीत, त्यांच्या समोर बसून लिहितो आहे. ते त्यांच्या जागेवर बसले आहेत. मावशीने ताट वाढलं आहे. कुणी बोलत नाही, कारण जेवताना इथे बोलत नाहीत. त्यांनी पाव मोडला. माझ्याकडे पाहून बोटं वळवळवली आणि छातीवर ठेवली. मग खाल्लं. सावकाश, शेपटीपर्यंत. रडत होते, पण थांबले नाहीत.

आता सगळे कुंडापाशी गेले आहेत. मावशीचा आवाज येतोय. ती त्यांना सांगतेय की धुक्यात अडकलेल्या होड्यांची वाट बघत बायका इतकी वर्षं किनाऱ्यावर उभ्या राहून काय ऐकत होत्या. पाण्याचा आवाजही येतोय. त्यांनी हात बाहेर काढलेले नाहीत.

आणखी एक कलम, जे आत्ताच सुचलं. मी समुद्रात गेलो तर माझं ताट वाढायची कुणाला गरज नाही, मी या घराचा ब्रदर नाही. असं मी लिहीत होतो, तर ब्रदर गॉडरिक परत आले, खांद्यावरून वाचलं आणि म्हणाले, "तुझी जागा सेरलोच्या शेजारी. खायला मी आहे." तेव्हा ते कलम रद्द समजावं.

साक्षीदार म्हणून खाली सह्या घेतल्या आहेत. तिसरी सही कोण करणार, असं फादर ल्यूक यांनी विचारलं, कारण मेलेल्याची साक्ष चालत नाही. ब्रदर गॉडरिक यांनी माझ्या हातातून लेखणी घेतली. म्हणाले, "म पर्यंतच शिकलास. बाकीचं मी लिहितो."

लिहून देणार: थर्स्टन, वाटसरू

साक्षीदार:
ल्यूक, धर्मगुरू
इडोनिया, वॉट यांची विधवा (माशाची खूण तिच्या हातची)
गॉडरिक, हर्नीच्या मठाचा ब्रदर, जिवंत

मुक्काम हर्नी बेट. संत बार्थोलोम्यू यांच्या सणाचा आदला दिवस, राजे एडवर्ड तिसरे यांच्या राज्याचं तिसावं वर्ष. दुपार झाली तरी धुकं उतरलेलं आहे आणि लेखणी आता माझ्याकडे परत आली आहे, कारण तिसरा साक्षीदार सही वाळायच्या आत घंटेकडे गेला. चीर पडलेली घंटा आहे, पण वाजतेय. मावशी दारात उभी राहून पाण्याकडे बघतेय.